सनड्यूचं दव परत परत गायब होतंय? आधी कुंडीतून गळणारं पाणी मोजा

घरात सनड्यू, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणारं रोप, लावलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गोष्ट एकसारखी असते. रोप मागवलं, पानापानावर दवाचे थेंब चमकत होते, महिना-दीड महिना एकदम मस्त गेला, घरातली चिलटं कमी झाली म्हणून सगळे खूश, आणि मग हळूहळू थेंब बारीक व्हायला लागले, एक दिवस बघितलं तर पानं कोरडी, केसांसारखे तंतू नुसतेच उभे, टोकाला काहीच नाही. मग माणूस घाबरून पाणी वाढवतो, जागा बदलतो, वरून स्प्रे मारतो, थोडं सुधारल्यासारखं वाटतं आणि तीन आठवड्यांनी परत तेच. माझे पहिले दोन सनड्यू असेच गेले आणि दोन्ही वेळा एप्रिलमध्येच गेले, त्यामुळे हे उन्हाने झालं असं मी धरून चाललो होतो. ऊन कारण नव्हतं, निदान मुख्य कारण तरी नव्हतं. तिसऱ्या रोपाच्या वेळी नीट शोध घेतला तेव्हा कुठे कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी बोलतोय ते प्रामुख्याने ड्रोसेरा केपेन्सिसबद्दल, म्हणजे लांब पट्टीसारख्या पानांचा, मूळ दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला, आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतो तो. आपल्या कास पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर उगवणारा दवबिंदू त्याचाच भाऊबंद, पण त्याचं गणित थोडं वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

आधी तो थेंब म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. थेंब हवेतून आलेला नसतो, नावात दव असलं तरी तो दव नाही. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक ग्रंथी असते, ती हा चिकट द्रव बाहेर टाकते, आणि त्यात साधारण ९६ टक्के पाणी आणि जेमतेम ४ टक्के साखरेच्या लांब साखळ्यांसारखा पदार्थ असतो, तोच तो चिकटपणा. म्हणजे थेंब बनायला मुळांनी पाणी वर चढवलं पाहिजे, उजेडात पानाने साखर बनवली पाहिजे, आणि बनलेला थेंब हवेने शोषून नेता कामा नये. या तीनपैकी एक जरी बिघडलं तरी दव जातं. त्यामुळे "दव गेलं, काय करू" याला एक उत्तर नाही, कोणतं बिघडलंय ते शोधावं लागतं.

एक अपवाद आधीच बाजूला काढतो. रोप नुकतंच कुरियरने आलं असेल तर दव नसणारच, डब्यात तीन-चार दिवस अंधारात आडवंतिडवं पडून आलेलं असतं. दोन-तीन आठवडे काहीही करू नका, उजेडात ठेवा, खाली पाणी ठेवा आणि फक्त नवीन येणाऱ्या पानाकडे लक्ष द्या. जुन्या पानांवर दव परत येईलच असं नाही. आणि केपेन्सिसची खालची जुनी पानं तशीही वाळून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबत राहतात, तो आजार नाही. काळजी तेव्हा करायची जेव्हा मधलं, नुकतं उलगडलेलं पान कोरडं निघतं.

आता पाणी. माझ्या मते दहातल्या बहुतेक वेळा चूक इथेच असते आणि बहुतेक वेळा माणूस शपथेवर सांगतो की पाणी बरोबर आहे, कारण "मी तर आरओचं घालतोय". मीसुद्धा हेच म्हणत होतो. घरातल्या बऱ्याच आरओ मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये), म्हणजे शुद्ध झालेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात, किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं ज्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम मुद्दाम घालतात. माणसाला ते चांगलं, चवीलाही बरं लागतं. सनड्यूला नाही. टीडीएस मीटर घेतला, पेनासारखा असतो, काहीशे रुपयांत मिळतो, आणि आमच्या आरओच्या नळाखाली धरला तर आकडा आला १४०. आणि हा थंडीतला आकडा. आमची सोसायटी पुण्यात आहे, मार्च उजाडला की महापालिकेचं पाणी कमी पडतं आणि टँकर सुरू होतात, टँकरचं पाणी म्हणजे बोअरचं, मग टाकीतल्या पाण्याचा टीडीएस दुपटीतिपटीने वाढतो आणि आरओमध्ये मिसळलं जाणारं पाणीही तेच. एप्रिलमध्ये रोप का मरायचं त्याचं उत्तर टँकरच्या पाइपात होतं.

तरीही १४० म्हणजे फार नाही असं वाटेल, तर हा हिशोब बघा. सनड्यूच्या कुंडीखाली थाळीत पाणी ठेवतात, ते खालून वर शोषलं जातं आणि पानांतून, मिक्सच्या, म्हणजे कुंडीत भरलेल्या मिश्रणाच्या, वरच्या थरातून उडून जातं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. उन्हाळ्यात चार इंची कुंडीला दिवसाला १०० मिली पाणी सहज लागतं, महिन्याला ३ लिटर. लिटरमागे १५० मिलिग्रॅम क्षार धरले तर महिन्याला ४५० मिलिग्रॅम कुंडीत येऊन बसले. आणि त्या कुंडीत मुळात पाणी मावतं किती, साधारण ३०० मिली. म्हणजे महिन्याभरात मुळांभोवतीचं पाणी १५०० च्या आसपास जाऊन पोचतं. एवढ्या खारट पाण्यातून मुळांना पाणी ओढणं जड जातं, कुंडी ओली चिंब आणि झाड तहानलेलं, अशी अवस्था होते. पहिला महिना छान आणि मग घसरण का, ते यातून कळतं. आणि आपण काय करतो, कोरडं दिसतंय म्हणून तेच पाणी अजून घालतो.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे, घालायचं पाणी मोजाच पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे कुंडीतून गळणारं पाणी मोजा. कुंडी थाळीतून उचला, बादलीवर धरा, वरून अर्धा कप डिस्टिल्ड पाणी हळूहळू ओता आणि खालून जे गळेल ते वाटीत धरून त्यात मीटर बुडवा. १०० च्या आत असेल तर पाण्याचा दोष नाही, पुढचं वाचा. २०० च्या वर असेल तर कारण सापडलं. माझ्या तिसऱ्या रोपाचा आकडा ६०० च्या पुढे होता, आणि मिक्सच्या वरच्या थरावर पांढुरकी पापडीही धरलेली होती जी मी महिनाभर बुरशी समजत होतो.

मग कुंडी धुवायची. अर्ध्या लिटरच्या कुंडीला दोनएक लिटर डिस्टिल्ड पाणी, सगळं एकदम भसकन नाही, कपाकपाने, पंधरा-वीस मिनिटं लावून, पानांवर न पडता मिक्सवर. थाळी काढून टाका, गळालेलं पाणी फेकून द्या. शेवटी परत मोजा. १०० च्या खाली आलं तर काम झालं, नाही आलं तर मिक्सच बदला, कारण काही मिक्स मुळातच क्षार सोडत राहतं. माझं पहिल्यांदा धुतल्यावर १८० वर अडकलं होतं, चार दिवसांनी परत धुतलं तेव्हा ७० झालं आणि त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी पहिलं दवाचं पान आलं. साडेतीन आठवडे, हे लक्षात ठेवा, मधल्या काळात काहीच घडत नाही असं वाटतं आणि तेव्हाच लोक अजून काहीतरी करून बघतात आणि घोळ घालतात.

पाणी आणायचं कुठून. सगळ्यात सोपं म्हणजे बॅटरीवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर, कॅन घेताना लेबल नीट वाचा, बॅटरीचं अॅसिड वेगळं असतं, आणि घरी आल्यावर मीटर लावून बघा, ५-१० च्या आत दाखवलं पाहिजे. एसीच्या पाइपातून पडणारं पाणीही चालतं, ती हवेतलीच वाफ थंड होऊन पाणी झालेली असते, मात्र सर्व्हिसिंग झाल्यावर केमिकल असतं म्हणून पहिले काही दिवस सोडा. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, पण गच्चीच्या पाइपातलं नको, सिमेंटच्या स्लॅबवरून आलेलं पाणी चुना घेऊन येतं आणि मीटरवर ते दिसतंच. उघड्यावर टब ठेवून थेट आभाळातून धरलेलं घ्या. काय चालत नाही तेही सांगतो कारण हे प्रश्न नेहमी येतात: उकळून क्षार जात नाहीत, तुरटीने जात नाहीत, बाटलीबंद पाण्यात बहुतेकदा मिनरल घातलेलेच असतात, आणि सोसायटीत वॉटर सॉफ्टनर असेल तर तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, झाडासाठी ते जास्तच वाईट.

अजून एक, घरच्यांना सांगून ठेवा. माझं दुसरं रोप क्षारांनी अर्धमेलं होतं हे खरं, पण मी आठ दिवस गावाला गेलो तेव्हा आईने त्याला रोज तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, तिच्या सगळ्या कुंड्यांना ती तेच घालते आणि तिचा मोगरा, कढीपत्ता त्यावर जोमात असतो. मायेनेच घातलं होतं. पण सनड्यू अशा जमिनीतला आहे जिथे खायला काही नाही म्हणूनच तो किडे धरायला शिकलाय, त्याच्या मुळांना पेज, खत, गांडूळखत, एप्सम सॉल्ट, काहीच सोसत नाही. आता माझ्या कुंडीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि बाजूला पाण्याची वेगळी बाटली असते, आई आता न चुकता तीच वापरते.

मिक्सचं बोलायचं तर आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे कोकोपीट. नर्सरीवाला म्हणतो पीट आणि कोकोपीट एकच, ते एक नाहीत. पीट मॉस हे दलदलीतलं कुजलेलं स्फॅग्नम शेवाळ, आम्लधर्मी, परदेशातून येतं, त्यामुळे महाग. कोकोपीट नारळाच्या काथ्याचा भुसा, काथ्या अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्यात मुरवतात त्यामुळे त्यात मीठ असतं. वरून "बफर्ड" कोकोपीट चांगलं म्हणून घ्याल तर ते बफर करायला बहुतेकदा कॅल्शियम नायट्रेट वापरतात, म्हणजे सनड्यूला नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत. पाच-सहा वेळा डिस्टिल्डमध्ये भिजवून पिळून आकडा खाली आणता येतो, पण एवढं पाणी घालवण्यापेक्षा पीट मॉसची छोटी पिशवी स्वस्त पडते. त्यात निम्मं पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) मिसळा, झालं. पिशवीवर "खतयुक्त" लिहिलेलं पीट घेऊ नका. पर्लाइटऐवजी वाळू घालायची असेल तर धुतलेली सिलिका वाळू, बांधकामाची क्रश सँड नको, ती बेसॉल्टची भुकटी असते. कुंडी प्लॅस्टिकची. मातीची कुंडी दिसायला सुंदर, पण क्षार तिच्या भिंतीत मुरतात आणि परत मुळांकडे येतात.

पाण्याचा आकडा चांगला आला आणि तरीही दव नाही, तर उजेड. हे ओळखायला मीटर लागत नाही. पानं लांब, लुळी, एकदम हिरवीगार आणि तंतूही हिरवटच असतील तर उजेड कमी आहे, भरपूर उजेडात साध्या केपेन्सिसचे तंतू लालभडक होतात. (अल्बा नावाचा पांढरा प्रकार येतो, तो कधीच लाल होत नाही, त्याच्यावर हा निकष लावू नका.) आपल्याला खोलीत लख्ख वाटणारा उजेड झाडाच्या हिशोबाने अंधुक असतो, खिडकीपासून चार फूट आत टीव्हीशेजारी ठेवलेला सनड्यू दव धरणार नाही म्हणजे नाही. पूर्वेच्या खिडकीत काचेला लागून, सकाळचं तीन-चार तास थेट ऊन, हे मला सगळ्यात जमलं. ते नसेल तर महागडा जांभळा ग्रो लाइट घ्यायची गरज नाही, साधी २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनची, झाडाच्या वर १५-२० सेंटिमीटरवर लावून टायमरने १२-१४ तास चालू ठेवा. लांबून नको, अंतर दुप्पट झालं की उजेड खूपच कमी होतो.

पश्चिमेची खिडकी हिवाळ्यात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी काचेमागे ४० च्या वर तापतं. ३५ च्या पुढे दव पातळ होतं, ते सकाळी परत येतं. सकाळी आहे आणि दुपारी नाही, असं रोज होत असेल तर ते फक्त उन्हाचं आणि कोरड्या हवेचं आहे, एक पातळ पडदा लावून भागतं. पंख्याचा किंवा एसीचा झोत सरळ झाडावर येत असेल तर तोही थेंब वाळवतो. बाकी आर्द्रतेचा बाऊ करू नका, ४०-५० टक्क्यांत केपेन्सिस मजेत राहतो. काचेच्या बरणीत बंद करून ठेवायचा मोह होतो, फोटो छान येतात, पण आत उष्णता कोंडते, बुरशी येते आणि बाहेर काढलं की झाड कोलमडतं. आणि स्प्रे मारू नका. आपण पानावर पाणी मारलं की चिकट द्रव धुपून खाली जातो आणि ग्रंथींना तो परत बनवावा लागतो, वर दिसतं ते नुसतं पाण्याचं तुषार, एक चिलट त्याला चिकटत नाही.

थाळीतल्या पाण्याबद्दल एक गोष्ट जी परदेशी माहितीत फारशी नसते आणि आपल्याकडे सगळ्यात गंभीर आहे ती म्हणजे डास. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या, कुंडीखालच्या पाण्यात अंडी घालतो, पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या थाळ्याच तपासतात आणि ते बरोबरच आहे. अंड्यापासून डास उडेपर्यंत उबदार हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर पाचव्या दिवशी थाळी रिकामी करायची, आणि नुसती ओतून नाही, ब्रशने कडा घासायच्या, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर थाळीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी जगतात. थाळी दिवसभर कोरडी राहिली तर केपेन्सिसला काही होत नाही, मिक्स आतून ओलं असतं. पाणी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच ठेवा. सनड्यू डास पकडतो म्हणून घरात आणायचा आणि त्याच्याच थाळीत डास वाढवायचे, असं होऊ देऊ नका.

खायला घालण्याचं थोडक्यात. उजेड आणि पाणी नीट असेल तर खायला नाही म्हणून दव जात नाही. घरात चिलटं येत नसतील तर मत्स्यालयाच्या दुकानात वाळवलेल्या ब्लडवर्मची डबी मिळते, तिळाएवढा तुकडा थेंबभर पाण्यात भिजवून दोन-तीन आठवड्यांतून एकदा एखाद-दोन पानांवर. चिकन, पनीर, दूध, अंडं बिलकुल नको, ते सडतं आणि पान काळं पडतं. मोठा किडा सापडून एखादं पान काळं झालं तर ते तेवढ्यापुरतंच असतं.

नवीन पानं वेडीवाकडी, चुरगळल्यासारखी उलगडत असतील तर मात्र पाण्याचा विषय सोडून द्या आणि भिंगाने मधला कोंब बघा, मावा असणार. हिरवा असल्याने पटकन दिसत नाही. साबणपाणी किंवा नीम तेल मारू नका, तेल ग्रंथींवर बसतं. अख्खं रोप कुंडीसकट डिस्टिल्ड पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवा, मावा गुदमरून मरतो, झाडाला काही होत नाही, दव आठवड्या-दोन आठवड्यांत परत येतं. एका फेरीत नाही गेला तर दहा दिवसांनी परत.

आता आपल्याकडचा दवबिंदू. कोणी ड्रोसेरा बर्मानी किंवा इंडिका बियांपासून लावला असेल आणि तो दर वर्षी थंडीत फुलं येऊन वाळत असेल तर ती तुमची चूक नाही, त्याचं आयुष्यच तेवढं आहे. पावसाळ्यात सड्यावरच्या पातळ मातीत उगवायचं, पाऊस ओसरल्यावर बी धरायचं आणि जायचं. वाळण्याआधी फुलांच्या दांड्या कागदाच्या पाकिटात झटका, बी धुळीसारखं बारीक असतं, ते ओल्या पीटवर नुसतं भुरभुरवायचं, वर माती टाकायची नाही, त्याला रुजायला उजेड लागतो. आणि कृपा करून कासवरून किंवा कुठल्याही सड्यावरून रोप उपटून आणू नका. ते घरी जगत नाही, लोकांनी आणलेलं एकही रोप जगलेलं मी पाहिलं नाही, आणि तिथली जागा रिकामी होते ती होतेच.

केपेन्सिस वरून पूर्ण वाळला तरी लगेच फेकू नका. मुळं जाड असतात, कुंडी धुऊन ओली ठेवली तर महिना-दीड महिन्यात मुळांमधून नवीन कोंब येतात, माझं तिसरं रोप आज जे दिसतंय त्यातले निम्मे फुटवे असेच आलेत. आणि रोप चांगलं असतानाच एक धष्टपुष्ट पान तळापासून काढून झाकणाच्या डबीत डिस्टिल्ड पाण्यावर तरंगत ठेवा, उजेडात, चार-सहा आठवड्यांत त्यावर इवली इवली रोपं फुटतात. एक कुंडी गेली तरी मग घरात दुसरी असते.

पावसाच्या पाण्याचा साठा किती करायचा विचाराल तर ऑक्टोबर ते मे आठ महिने, दिवसाला १०० मिली धरले तर कुंडीमागे २४ लिटर, म्हणजे वीस लिटरचा एक जार आणि वर एक छोटा कॅन. पहिल्या दोन-तीन सरी धूळ धुऊन जायला सोडून द्या, मग टब बाहेर काढा, भरलेलं पाणी कापडातून गाळून घट्ट झाकणाच्या जारमध्ये भरा आणि पलंगाखाली अंधारात सरकवा, जारवर महिना आणि मीटरचा आकडा मार्करने लिहून.